१९९७ साली लावलेला साग: उक्ता विकावा की ठेवावा?

रानवाट

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचनमात्र असतो, आज नड आली म्हणून धागा काढतोय.

गाव संगमेश्वर तालुक्यात. घरामागे एक एकर वरकस म्हणजे हलकी जमीन, थोडी उताराची. १९९७ च्या पावसाळ्यात बाबांनी तिथे सागाची हजार रोपं लावली. ज्यांना तो काळ आठवतोय त्यांना कारण सांगायला नको. एका कंपनीचा एजंट गावोगाव फिरायचा आणि वीस वर्षांत प्रत्येक झाडामागे लाख रुपये, असं गुळगुळीत कागदावर छापलेलं पत्रक वाटायचा. बाबा म्हणाले, ह्याला पैसे कशाला द्यायचे, जमीन आपली, पाऊस आपला, आपणच लावू. एजंट दोन वर्षांत दिसेनासा झाला. गावातल्या तिघांचे पैसे गेले, आमची झाडं तेवढी उरली.

बाबा आता नाहीत. झाडं २८ वर्षांची झाली. पन्नास-साठ तौक्ते वादळाच्या वेळी पडली, बरीच आधीच मेलेली, आज सहाशेच्या आसपास उभी आहेत. गेल्या आठवड्यात एक व्यापारी बघून गेला. उक्ते, म्हणजे सगळ्या झाडांचे मिळून, साडेतीन लाख म्हणतो. तोडणी, परवाना, वाहतूक सगळं त्याचं, आपण फक्त सह्या करायच्या. आईचं म्हणणं, देऊन टाक. मला सहाशे सागांचे साडेतीन लाख म्हणजे फसवणूक वाटते. पत्रकाच्या हिशोबाने सहा कोटी व्हायला हवे होते :)

घ्यावेत का?

---

वखारवाला

झाडं किती हे सांगू नका, घेर किती ते सांगा. झाडं मोजून साग विकणारा माणूस व्यापाऱ्याला फार आवडतो.

---

वणीकर

भाऊ, सहा कोटी सोडा, आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात त्याच वर्षीचा साग उभा आहे. काळी जमीन, बांधावर एक ओळ. तिथंही लाखाचं झाड कुणी पाह्यलं नाही. पण साडेतीन लाखात सहाशे म्हणजे झाडामागे सहाशे रुपयेही नाही पडत. वखारवाले म्हणतात तसं आधी टेप लावा.

---

मृगधारा

उत्तर नाही, एक प्रश्न. लावण्याआधी त्या एकरात काय होतं?

---

रानवाट

@मृगधारा, रान होतं. ऐन, किंजळ, दोन मोठे कुंभे, करवंदीची जाळी. बाबांनी सगळं साफ करून साग लावला. पुढे काय लिहिणार ते कळलंय, पण आधी आकडे देतो.

@वखारवाला, आज सकाळी आईची शिवणाची टेप घेऊन गेलो. छातीच्या उंचीला घेर मोजला, फॉरेस्टवाले साडेचार फुटांवर मोजतात म्हणून तिथेच. पन्नास झाडं मोजून कंटाळलो. बहुतेक १८ ते २६ इंचांत, सरासरी बावीस. सगळी सरळसोट, बारीक, शेंड्याला झाडूएवढा पाला.

आता गंमत. विहिरीकडच्या बांधावर त्याच वर्षी, त्याच खेपेतली सहा रोपं उरली म्हणून लावलेली. त्यांचा घेर ४१ ते ४७ इंच! एकच बी, एकच पाऊस. विहिरीचं पाणी त्यांना मिळालं म्हणावं तर विहीर तिथून साठ फूट खाली आहे.

---

वखारवाला

बघा, तुमचं उत्तर तुमच्याच बांधावर उभं आहे.

आमच्या धंद्यातला हिशोब सांगतो. ओंडक्याच्या मधला घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. जमिनीवर पडल्यावर मधला घेर छातीच्या घेरापेक्षा कमीच भरतो, पण अंदाजापुरते तुमचेच आकडे घेऊ.

आतलं झाड: २२ इंच घेर, चौथा हिस्सा साडेपाच इंच म्हणजे ०.४६ फूट. वर्ग ०.२१. बारा फूट लांबीला अडीच घनफूट.
बांधावरचं: ४४ इंच, चौथा हिस्सा ११ इंच, वर्ग ०.८४. बारा फुटाला दहा घनफूट.

घेर दुप्पट, लाकूड चौपट. इथवर शाळेतलं गणित.

धंद्यातलं गणित पुढे आहे. २२ इंच घेराचं झाड म्हणजे सात इंच व्यास. साल आणि साली-लगतचं पांढरं लाकूड मिळून चारही बाजूंनी दीड-दीड इंच धरा, आत तपकिरी गाभा राहिला चार इंचांचा. म्हणजे लाकडाचा जेमतेम तिसरा हिस्सा. ४४ च्या झाडात १४ इंच व्यासातला ११ इंच गाभा, साठ टक्क्यांच्या वर. गिऱ्हाईक पैसे देतं ते गाभ्याचे. पांढऱ्याला वाळवी सोडत नाही आणि गाभ्याला सहसा शिवत नाही, सागाची सगळी ख्याती या एका गोष्टीवर आहे. चार इंच गाभ्यातून दाराची चौकट निघत नाही हो. निघतात त्या पट्ट्या, खिडकीचे गज-बार आणि मंडपवाल्यांचे वासे.

म्हणून घनफुटाचा भावही घेरावर चढतो. जाड माल आणि बारीक माल यांची एकाच घनफुटात तुलना करू नका.

आणखी एक. चौथ्या हिश्शाच्या या पद्धतीत खरं घनफळ सुमारे साडेएकवीस टक्के कमी दिसतं. तुमचं अडीच घनफुटाचं झाड शास्त्रशुद्ध मोजलं तर ३.२ भरेल. ही चोरी नव्हे, कापताना जाणारी घट धरलेली रूढ पद्धत आहे. पण भाव कोणत्या मापाने ठरतोय हे बोली करताना विचारून घ्यायचं असतं.

---

आलापल्ली_रिटर्न

निवृत्त वनपाल. ३१ वर्षे नोकरी, त्यातली बरीचशी गडचिरोली-चंद्रपुरात सागाच्या रोपवनात गेली. २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग गेला, तेव्हापासून नातेवाईक फोन करून विचारतात, "आम्ही पण लावावा का?" सगळ्यांना एकच सांगतो: लावणं चार दिवसांचं काम आहे, कापत राहणं पुढच्या चाळीस वर्षांचं.

रानवाट, तुमच्या बाबांचं लावण्यात काही चुकलं नाही. दोन बाय दोन मीटर म्हणजे एकरी हजार, आम्हीही तसंच लावत आलो. रोपवाटिकेत गादीवाफ्यावर वर्षभर वाढवलेलं रोप उपटायचं, अंगठ्याएवढ्या जाडीचं, वीतभर मूळ ठेवून खाली छाटायचं, वर बोटाच्या पेराएवढं खोड ठेवायचं. पानही नसतं त्याला. हीच ती सागजडी. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीने भोक पाडून ती आत सोडायची आणि टाचेने माती दाबायची. बाजूला हवा राहिली तर जडी कुजते. नव्या मजुराला मी जडी धरून ओढायला सांगायचो. उपटून आली की पुन्हा लाव.

एवढी दाट लावतात ती हजारच्या हजार विकायला नाही. दाटीत झाड सरळ वाढतं, बाजूच्या फांद्या आपोआप गळतात, तण दबतं. पण पाचव्या-सहाव्या वर्षी माथे एकमेकांना भिडतात. तिथे पहिली विरळणी, सरळ एकाआड एक. मग दहा-बाराव्या वर्षी दुसरी, त्यापुढे घेर बघून. वाकडं, दुबेळक्याचं, दबलेलं, किडकं काढायचं आणि चांगल्याला आकाश द्यायचं. शेवटच्या तोडीला एकरी शंभराच्या आतच झाडं राहतात. बाकी नऊशे त्यांच्यासाठी जागा धरून बसलेली असतात, एवढंच.

तुमच्याकडे एकही विरळणी झालेली नाही. बांधावरच्या सहांना तीन बाजूंनी उजेड मिळाला, आतल्या सहाशेंनी २८ वर्षं एकमेकांशी भांडण्यात घालवली. शेंड्याला झाडूएवढा पाला म्हणालात ना, तीच खूण. पाला म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. चूल एवढीशी असेल तर अंगाला लागणार काय?

---

नवशेतकरी

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

अवांतर: आमच्याकडे नगर जिल्ह्यात सध्या महोगनीचं फार चाललंय. एकरी एवढी रोपं, बारा वर्षांत कोटी, कंपनी स्वतः परत विकत घेणार, करार वगैरे. रोप महाग आहे पण. सागापेक्षा बरं का?

---

वखारवाला

@नवशेतकरी, वरचं पहिलं पोस्ट पुन्हा वाचा. "साग" खोडा आणि "महोगनी" लिहा.

---

आलापल्ली_रिटर्न

वखारवाल्यांनी थोडक्यात आटोपलं. दोन शब्द माझे. महोगनीला शेंडा पोखरणारी अळी लागते. कोवळा शेंडा मेला की झाड दुफाटतं आणि खोड आखूड राहतं. करारात अळीचा उल्लेख आहे का ते बघा. आणि बारा वर्षांनी विकत घेणारी कंपनी बारा वर्षांनी असेल का, हे रानवाट यांच्या गावातल्या त्या तिघांना विचारा. नव्वदच्या दशकात देशभर इतका पैसा बुडाला की सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. सागाचा त्यात काय दोष?

---

चिन्मय_त्रिशूर

नोकरीनिमित्त नऊ वर्षं केरळात आहे. इथून निलांबूर दोन-अडीच तासांवर, पाहुणे आले की नेतो. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याने तिथे सागाची लागवड करवून घेतली, आणि प्रत्यक्ष काम उभं केलं चाथू मेनन यांनी. आधी बी रुजतच नव्हतं. सागाच्या फळाला वरून लोकरीसारखं जाड आवरण असतं, ते आळीपाळीने भिजवून-वाळवून कुजवल्याशिवाय अंकुर बाहेर पडत नाही. त्या जुन्या लागवडीतला सव्वादोन हेक्टरचा तुकडा अजून राखून ठेवलाय. नदी ओलांडून गेलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की झाडं किती थोडी आहेत. दोन झाडांच्या मधून बैलगाडी वळावी एवढं अंतर. काका म्हणतात त्याचा तो जिवंत पुरावा.

पण कोकणी मंडळींनी निलांबूरची स्वप्नं बघू नयेत. ती चालियार नदीकाठची खोल गाळाची जमीन आहे. सागाला पाणी हवं, पण साचलेलं अजिबात नको, चुन्याचा अंश असलेली खोल माती हवी आणि वर्षातले तीन-चार महिने कोरडेही हवेत. पाऊस आणि उन्हाळा कोकणात आहेत. माती? जांभ्यावर हातभर मातीत लावलं तर मूळ कातळाला टेकतं आणि झाड तिथेच खुंटतं. रानवाट, तौक्तेत पडलेल्या झाडांची मुळं बघितली होती का?

---

रानवाट

बघितली. ताटलीसारखी पसरट, खाली जांभा. वरच्या अंगाला जास्त पडली, खाली विहिरीकडे एकही नाही. म्हणजे बांधावरच्या सहांना उजेडाबरोबर मातीही जास्त मिळाली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

मृगधारा

आता माझं लांबलचक.

'शाश्वत' हा शब्द सागाच्या मागे हल्ली फार सैल लावला जातो. लावलेलं लाकूड वापरलं की जंगलावरचा भार कमी होतो हे तत्त्व मला मान्य आहे. म्यानमारने २०१४ मध्ये गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि आपल्याकडचा बाजार इतर देशांच्या रोपवनांकडे वळला. पण रान तोडून साग लावला तर हे तत्त्वच उलटं होतं. कोकणात बहुतेक रान खाजगी मालकीचं, त्यामुळे हा व्यवहार गुपचूप होतो.

उतारावर नुसता साग असेल तर काय होतं ते जुलैत जाऊन पाहा. लोकांना वाटतं मोठी पानं पाऊस अडवतात. अडवतात खरी, पण पानावर पाणी गोळा होऊन टपोरे थेंब पडतात, साध्या पावसाच्या थेंबापेक्षा जड. खाली झुडूप नसेल तर ते थेट मातीवर आदळतात. त्यात उन्हाळ्यात पाचोळा जळालेला किंवा गोळा करून नेलेला असतो. मग मातीत लहान लहान स्तंभ उभे राहतात, प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा. आजूबाजूची माती गेली आणि खड्याखालची राहिली, असं ते वाचायचं. रानवाट, तुमच्याकडे असे स्तंभ आहेत का?

किडीचंही तेच. जून-जुलैत कोवळ्या पालवीवर अळी येते, आठवड्यात झाड बोडकं करते. पावसाळा संपताना दुसरी येते, ती पानाच्या शिरा तेवढ्या ठेवून नुसती जाळी करते. झाड मरत नाही म्हणून शेतकरी लक्ष देत नाही. केरळच्या वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या तरुण रोपवनात मोजलं तेव्हा पहिल्या अळीमुळे वाढीतली ४४ टक्के क्षमता वाया जाते असं निघालं. निम्म्याला थोडं कमी! पक्षी, परजीवी माश्या, मुंग्या यांना राहायला खाली काही असेल तर अळीवर वचक राहतो.

त्यामुळे माझा सल्ला: जी झाडं काढाल तिथे साग पुन्हा लावू नका. ऐन-किंजळ तोडले तरी मुळं जिवंत असतात, वाव मिळाला की फुटतात. येऊ द्या. शिवणची झाडं लावा, हवं तर बांबूचं बेट धरा.

---

वणीकर

ताई, पटलं, पण एक सांगतो. पाचोळा आम्ही हौसेनं नाही गोळा करत. मार्चमध्ये सागाचं पान पापडासारखं वाजते, एक बिडी पुरते. २०१८ ला शेजारच्या धुऱ्यावरून वणवा आला तं माझ्या ओळीतल्या अकरा झाडांची बुडं भाजली. कापली तेव्हा आतून पोकळ. तेव्हापासून दिवाळीनंतर दहा फुटांची जाळरेषा काढतो. पाचोळा आत राहू द्या, पण कडेची पट्टी साफ पाहिजे.

---

आलापल्ली_रिटर्न

दोघांचंही बरोबर. आणि मृगधारा यांच्या ऐन-किंजळला माझा पाठिंबा, फॉरेस्टात असतो तर दिला नसता :)

आता रानवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे. उक्तं देऊ नका. साडेतीन लाख कमी की जास्त हा मुद्दा दुसरा. उक्त्यात व्यापारी एक तर सगळं साफ करतो, नाहीतर जाड तेवढी नेतो आणि बारीक ठेवून जातो. दुसरं जास्त वाईट. मलई त्याला आणि ताक तुम्हाला.

उलट करा. यंदा तिसरा हिस्सा काढा, दोनशेच्या आसपास, फक्त दबलेली आणि वाकडी. एकदम निम्मी काढू नका. इतकी वर्षं दाटीत वाढलेलं झाड उघडं पडलं की वाऱ्याला आडवं होतं, आणि उरलेल्यांच्या खोडावर जागोजाग पाणफुटवे येतात, त्यांच्या गाठी पडून लाकडाची किंमत जाते. चार-पाच वर्षांनी पुन्हा तिसरा हिस्सा. सागाच्या बुंध्यातून फुटवा येतो, तो नको असेल तर पहिल्या दोन पावसाळ्यांत मोडत राहा. वरच्या अंगाला जिथे जांभा आहे तिथली झाडं काही सुधारणार नाहीत, तिथे सरळ रान येऊ द्या. विहिरीच्या अंगाला शे-सव्वाशे निवडून ठेवा.

२८ वर्षं दबलेलं झाड बांधावरच्या भावाची बरोबरी कधीच करणार नाही. तेवढी खोटी आशा देत नाही. पण २२ चं ३२ झालं तरी लाकूड दुपटीच्या वर जातं, आणि वखारवाल्यांचा तो गाभा वेगळाच.

---

वखारवाला

दुरुस्ती नाही, भर. लवकर वाढलेला साग ठिसूळ असतो असं आमच्या बाजारात सर्रास सांगतात, भाव पाडायला. ताकदीत तसा मोठा फरक नसतो. फरक गाभ्यात आणि रंगात. "सीपी साग" (सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत), "वलसाडी", "बर्मा" ही नावं लावून घाना आणि इक्वेडोरचा मालही विकला जातो. कांडला बंदरात उतरलेला तो बारीक ओंडकाच तुमच्या २२ इंची झाडाशी स्पर्धा करतोय, म्हणून बारीक मालाला उठाव नाही.

सातबारावर झाडांची नोंद आहे का? आणि नावं किती?

---

रानवाट

नोंद आहे, बाबांनी तलाठ्याकडे खेटे घालून केली होती. नावं... चौदा.

---

वखारवाला

आई गं.

---

आलापल्ली_रिटर्न

मग साडेतीन लाखांचं रहस्य उलगडलं. साग १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे, स्वतःच्या जमिनीतला असला तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्जासोबत सातबारा, नकाशा, सहहिस्सेदारांची संमती. हद्दीला जंगल लागून असेल तर मोजणीही मागतील. तोडल्यावर ओंडक्यांवर हातोड्याचा ठसा, मग वाहतूक परवाना. त्याशिवाय गाडी नाक्यावर अडकली तर माल जप्त. "सगळं मी बघतो" म्हणणारा माणूस तुमच्या या कंटाळ्याचे पैसे घेतो. घेऊ द्यावेत, पण किती ते कळून. तुम्ही सह्या केलेल्या कागदावर झाडांची संख्या कोरी नाही ना, तेवढं बघा. एका परवान्यात शेजारची झाडं घुसडण्याचे प्रकार मी स्वतः पकडलेत, आणि नोटीस मालकाला जाते.

---

रानवाट

कागद मागवून बघितला. संख्येची जागा कोरी आहे. धन्यवाद काका, हे एकच वाक्य धागा काढल्याचं सार्थक.

---

रानवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय. व्यापाऱ्याला नाही म्हटलं. तो लगेच साडेचारवर आला, आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरी नाहीच म्हटलं. सगळी ५८७ झाडं मोजली, चुन्याने खुणा केल्या. काढायच्या १९४ झाडांना फुली, ठेवायच्यांना पट्टा. दोन झाडांवर आई आणि माझं एकमत होईना. एकाला बाबांनी गाय बांधायची कडी ठोकलेली, ती आता अर्धी लाकडात गेलीय. झाड वाकडं आहे, नियमाने फुली. आईने पट्टा मारला.

@मृगधारा, स्तंभ आहेत. वरच्या अंगाला, बोटभर उंचीचे. आधी मला ती मुंग्यांची घरं वाटत होती. तिथलं सगळं काढणार, आणि एका कोपऱ्यात किंजळाचा फुटवा आलेला दिसला, त्याला कुंपण केलंय.

चौदांपैकी नऊ सह्या झाल्या. तिघे मुंबईला, ते गणपतीला येतील तेव्हा. एक आत्या बडोद्याला. उरले गुहागरचे काका, त्यांचं म्हणणं, माझ्या वाटणीची किती झाडं ते आधी सांग. त्यांना घेर सांगायला रविवारी जातोय, टेप घेऊन.